मंगळवार-शुक्रवारच्या चादरी

रुग्णालयाच्या तळघरात धुलाई विभाग होता. वरच्या सहा मजल्यांवरच्या चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे, डॉक्टरांचे कोट असं सगळं एका लोखंडी नळकांड्यातून धप्पकन खाली पडायचं आणि पलीकडच्या दारानं परीटघडी होऊन ट्रॉलीतून वर जायचं. मधे त्याचं काय होतं, याच्याशी वर कुणाला देणंघेणं नव्हतं. चादर वेळेवर पोचली नाही की मगच तळघराची आठवण निघायची, आणि ती फोनवरून निघायची.

हे फोन घेण्याचं काम वर्षभरापूर्वी एका बाईकडे आलं. विभागातले सतराही जण तिला ताई म्हणत, तिच्याहून वयानं मोठे होते तेसुद्धा. तेव्हा आपणही ताईच म्हणू. त्याआधी अकरा वर्षं ती वरच्या मजल्यावर औषधांच्या साठ्याच्या नोंदी ठेवायची. तिच्या नोंदीत कधी एक बाटली इकडची तिकडे झाली नाही, म्हणून तिला बढती मिळाली. पण बाटल्या उलट बोलत नाहीत आणि रुसतही नाहीत. सतरा माणसं सांभाळताना पहिल्या सहा महिन्यांतच ती मेटाकुटीला आली. प्रशासकांनी तिला व्यवस्थापनाच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमाला घातलं. दर शनिवारी दुपारी दोन ते पाच.

वर्ग भरायचा एका महाविद्यालयाच्या चित्रकलेच्या दालनात, कारण शनिवारी तेवढंच रिकामं असायचं. उंच, उतरती टेबलं होती. त्यांच्यावर पेन ठेवलं की घरंगळत खाली यायचं. वर्गात एकोणीस जण, सगळे नोकरी करणारे. शिकवायला होते ते सर तारांच्या कारखान्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं आणि सांगून टाकलं की हे घरी वाचा, इथं याची गरज नाही. प्रत्येकानं आपल्या कामावरचा एक खराखुरा प्रश्न दोन पानांत लिहून आणायचा, नावं बदलायची आणि वर्गानं त्याचा कीस काढायचा.

"पुस्तकातला कारखाना कधी बंद पडत नाही," ते म्हणाले. "तुमचा पडतो. तो घेऊन या."

ताईला प्रश्न शोधायला फार लांब जावं लागलं नाही. तिच्या प्रश्नाचं नाव होतं कप्तान.

कप्तान हे अर्थात टोपणनाव. ऐन तरुणपणी तो एका प्रवासी जहाजावर धुलाईच्या कामाला होता, एवढ्यावरून ते पडलं आणि चिकटलं. आता तो घडीच्या टेबलाचा प्रमुख होता. रोलरच्या इस्त्रीतून चादर बाहेर आली की तिची घडी घालायची, गठ्ठे करायचे, मजल्याप्रमाणे ट्रॉल्या भरायच्या. माणूस कमी बोलणारा. काही सांगितलं की मान हलवायचा आणि आपल्याच मनासारखं करायचा. तासाला किती नग व्हायला हवेत, याचा तक्ता दीड वर्षापूर्वी भिंतीवर लागला होता. बाकीची टेबलं धापा टाकत का होईना, आकडा गाठायची. कप्तानाचं टेबल आठवड्यातून दोनदा हटकून मागे पडायचं, ट्रॉली उशिरा जायची आणि फोन वाजायचा. ताईनं त्याला तीनदा बोलावून समजावलं होतं. तिन्ही वेळा त्यानं मान हलवली होती.

तिनं दोन पानं लिहिली. रुग्णालयाचं हॉटेल केलं, कप्तानाचा 'क' केला. मथळा दिला, 'बदलाला विरोध करणारा जुना कर्मचारी'. लिहिता लिहिता वर्षभराचा राग कागदावर उतरला आणि तिला बरंच हलकं वाटलं. सासूबाई शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या. शुद्धलेखन तपासायला तिनं पानं त्यांच्याकडे दिली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"ऱ्हस्व-दीर्घ चोख आहे," त्या म्हणाल्या. "माणूस मात्र काही कळला नाही."

ताईला वाटलं, यांना व्यवस्थापनातलं काय कळतंय. शुक्रवारी दुपारी तिनं ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनवर वीस प्रती काढल्या आणि पिशवीत घातल्या.

शनिवारी तिचा नंबर लागला. वाचून झाल्यावर वर्ग तुटून पडला, कारण असा एकेक 'क' प्रत्येकाकडे होता. पंपांच्या कारखान्यातला एक फोरमन होता. त्याचा आवाज मुळातच यंत्रांवर मात करायला घडलेला. त्याचं म्हणणं, लेखी ताकीद द्या, दुसऱ्यांदा लेखी द्या, तिसऱ्यांदा घरी पाठवा. एका हॉटेलात खोल्यांची व्यवस्था बघणारी बाई म्हणाली की घरी कशाला, मळक्या कपड्यांच्या बाजूला बदली करा, महिनाभरात सुतासारखा सरळ येईल. कुणी म्हणालं, त्याचा सत्कार करून त्याला गोड बोलून बाजूला बसवा. हशा पिकला. ताईही हसली. इतके दिवस आपलंच कुठंतरी चुकतंय असं वाटत होतं, ते ओझं उतरल्यासारखं झालं.

मागच्या टेबलावर बस डेपोतला टाइमकीपर बसायचा. बस कधी आली, कधी गेली, हे लिहिण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. तो अर्धा तास ताईची दोन पानं उलटसुलट करत होता.

"ताई, तुम्ही तारखा दिल्यात," तो म्हणाला. "मी वार काढून बघितले. सगळे मंगळवार आणि शुक्रवार आहेत."

ताई म्हणाली, हो, त्याच दिवशी उशीर होतो.

"पण हट्टी माणूस सातही दिवस हट्टी असतो. हा दोनच दिवस कसा?"

सर फळ्याकडे गेले आणि मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं, 'माहीत आहे'. दुसऱ्या बाजूला, 'वाटतं'. मग ताईच्या कागदातलं एकेक वाक्य वाचत विचारू लागले, हे कुठं टाकू? 'क' मंगळवारी उशीर करतो, हे माहीत आहे. 'क' मुद्दाम उशीर करतो? 'क'ला नवी पद्धत मान्य नाही? 'क'ला वरिष्ठ बाई असलेली आवडत नाही? पंधरा मिनिटांत उजवी बाजू खाली खडू ठेवायच्या पट्टीपर्यंत भरली आणि डावीकडे तीन ओळी राहिल्या. ताईचे कान तापले. बसमधून घरी जाताना तिला आधी टाइमकीपरचा राग आला आणि मग हळूहळू तो कुणाचा यावा, हे कळेनासं झालं.

सोमवारी सकाळी जायचं आणि सरळ कप्तानाला विचारायचं, एवढं तिनं ठरवलं होतं. पण तळघरात पाय ठेवला आणि तिला काहीतरी बिनसल्याचं जाणवलं. यंत्रं नेहमीसारखी घरघरत होती, माणसं मात्र बोलत नव्हती. मळके कपडे वेगळे करणाऱ्या दोघी तिच्याकडे बघून पुन्हा खाली बघू लागल्या. बॉयलरवाला एरवी लांबूनच हात करायचा, त्यानं पाठ फिरवली.

झालं होतं असं की, शुक्रवारी झेरॉक्स काढताना मूळ कागद मशीनच्या झाकणाखालीच राहिला. शनिवारी सकाळी बॉयलरवाला रजेच्या अर्जाची प्रत काढायला गेला आणि त्याच्या हाती ही दोन पानं लागली. दुपारपर्यंत ती सगळ्यांनी वाचली. हॉटेल म्हटलं काय आणि 'क' म्हटलं काय, न ओळखायला कोण दूधखुळं होतं.

दहाच्या सुमारास कप्तान तिच्या काचेच्या खोलीच्या दारात आला. हातात ती पानं होती, घडी घातलेली, कडेला कड जुळवून. त्यानं ती टेबलावर उघडून ठेवली. पेन्सिलीनं दोन-तीन खुणा केलेल्या होत्या.

"वय चोपन्न आहे, सत्तावन्न नाही," तो म्हणाला. "आणि हा 'मुद्दाम' शब्द खोटा आहे. बाकीचं तुमचं मत, ते राहू द्या."

तिनं माफी मागितली. हा अभ्यासाचा भाग होता, नाव कुठंच घातलं नव्हतं, असं काहीबाही सांगितलं आणि सांगतानाच तिला ते पोकळ वाटलं. कप्तान ऐकून घेत उभा राहिला. मग त्यानं विचारलं की हे वाचलं किती जणांसमोर. अठरा, ताई म्हणाली, आणि सर.

"मग दुरुस्तीही त्यांच्यासमोरच व्हायला पाहिजे," तो म्हणाला. "मी येतो शनिवारी."

तिनं विचारलं, मंगळवार-शुक्रवारचं काय आहे ते मला आत्ता सांगाल का. तो दारापर्यंत पोचला होता. मागे न बघता म्हणाला, "इथं सांगून झालंय."

त्या वाक्याचा अर्थ तिला लागला नाही. तिनं सरांना फोन केला. वर्गात बाहेरच्या माणसाला आणता येईल का, असं विचारलं आणि घडलेलं सगळं सांगितलं. मग सर म्हणाले की आणायलाच हवं. आणि चूक तुमची एकटीची नाही, नावं बदला एवढं सांगून मी मोकळा झालो होतो.

शनिवारी कप्तान दोन वाजायला पाच मिनिटं असताना आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. ताईनं फक्त एवढंच सांगितलं की मागच्या वेळी मी ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं, ते हे. अठरा माणसं एकदम आपापल्या टेबलाकडे बघू लागली. हॉटेलातल्या बाईनं वहीत काहीतरी लिहायला सुरुवात केली. खरं तर लिहिण्यासारखं अजून काही झालं नव्हतं.

कप्तानानं पिशवीतून एक घडी घातलेली चादर काढली, पुढच्या टेबलावर ठेवली. टेबल उतरतं, चादर घसरू लागली, तेव्हा त्यानं ती एका हातानं धरली. "कपड्याची जाण असलेलं कुणी आहे का इथं?"

सगळ्यांच्या नजरा हॉटेलातल्या बाईकडे गेल्या. ती उठून आली. चादरीवरून हात फिरवून म्हणाली, छान वाळलेली आहे.

"आत हात घाला. काठाला."

तिनं घडीत हात घातला, काठ चिमटीत धरला आणि थांबली. मग दुसऱ्या टोकाचा काठ बघितला. "इथं दमट आहे," ती म्हणाली. आवाज उतरला होता.

मग कप्तान बोलला. इतका वेळ सलग बोलताना ताईनं त्याला कधी ऐकलं नव्हतं. दीड वर्षापूर्वी भिंतीवर तक्ता लागला, त्याच आठवड्यात इस्त्रीच्या रोलरचा वेग वाढवला. चादर अंगानं वाळते, पण काठाला कापड दुमडलेलं असतं, तिथं ओल राहते. घडी घातली की ती ओल आतल्या आत पसरते. बाकीच्या मजल्यांवर काही बिघडत नाही. तिथली माणसं उठतात, बसतात, चादर सरकवतात. चौथ्या मजल्यावरची माणसं कूससुद्धा आपली आपण बदलू शकत नाहीत. पाठीखाली दमट चादर आली की कातडी सोलवटते, आणि काहींना ते सांगताही येत नाही. चौथ्या मजल्याच्या चादरी बदलतात मंगळवारी आणि शुक्रवारी. म्हणून त्या दोन दिवशी तो प्रत्येक चादरीचा काठ हातानं बघतो, दमट असेल ती बॉयलरच्या मागच्या दोरीवर अर्धा तास टाकतो आणि मगच ट्रॉलीत भरतो. तो रजेवर असला की मात्र चादरी तशाच वर जातात.

"जहाजावर हवाच ओली," तो म्हणाला. "तिथं हाताला कळल्याशिवाय घडी घालायचीच नाही, हे शिकवलेलं. ते अजून सुटलं नाही."

फोरमनला राहवलं नाही. मागच्या शनिवारचा जोर मात्र त्याच्या आवाजात नव्हता. त्यानं विचारलं, हे सगळं वर कळवलं का नाही.

"कळवलं. दोनदा."

"कुणाला?"

कप्तानानं चादरीची घडी पुन्हा नीट केली. "वर," तो म्हणाला.

आणि तेव्हा ताईला आठवलं. तळघरातला तिचा दुसरा की तिसरा आठवडा. कानाला फोन, पलीकडून कुठल्याशा मजल्याची बोलणी, आणि काचेच्या दारात हातावर चादर घेऊन उभा असलेला हा माणूस. तो काहीतरी काठाबद्दल म्हणाला होता. तिनं फोनच्या तोंडावर हात ठेवून त्याला सांगितलं होतं, आधी आकडा बसू दे, मग बघू. चादरीकडे तिनं पाहिलंही नव्हतं. नंतर बघायचं राहिलं आणि राहिल्याचं लक्षातही राहिलं नाही. तिच्या आधीच्या प्रमुखानं काय उत्तर दिलं होतं देव जाणे. दुसरं उत्तर मात्र तिचंच होतं.

कप्तानानं नाव घेतलं नव्हतं. तो तेवढ्यावर थांबला असता, आणि वर्गातल्या कुणाला काही कळलंही नसतं. ताई उभी राहिली.

"वर म्हणजे मला," ती म्हणाली. "मी ऐकून घेतलं नाही."

सर खडू हातात घेऊन फळ्याशी उभे होते. त्यांनी तो खाली ठेवला. यावर मला शिकवण्यासारखं काही नाही, आपण चहा घेऊ, असं ते म्हणाले. मग सगळे व्हरांड्यात गेले. हॉटेलातली बाई कप्तानाजवळ गेली आणि मागच्या आठवड्यात ती त्याच्याबद्दल काय म्हणाली होती, ते तिनं स्वतःहून सांगितलं. कप्तान म्हणाला की मळक्या कपड्यांच्या बाजूलाही त्यानं सहा वर्षं काढलीत, ते काम काही वाईट नाही. ती हसली आणि तिचे डोळेही भरले. फोरमन मात्र माफीबिफीच्या भानगडीत पडला नाही. त्यानं रोलर किती, वाफेचा दाब किती, कापडी आवरण शेवटचं कधी बदललं, असं कप्तानाला उभं-आडवं विचारलं आणि बुधवारी स्वतःची रजा टाकून तळघरात हजर झाला. बाह्या सरसावून तो आणि बॉयलरवाला दोन तास यंत्राखाली होते. निघालं ते असं की नुसत्या वेगाचा दोष नव्हता. एका रोलरवरचं आवरण दोन्ही टोकांना झिजून कागदासारखं झालं होतं, त्यामुळे काठ नीट दाबलेच जात नव्हते.

यानंतर सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. ताई प्रशासकांकडे गेली. नवं आवरण येईपर्यंत मंगळवारी आणि शुक्रवारी वेग कमी ठेवायची परवानगी तिनं मागितली. त्यांनी तक्त्याचा दाखला दिला, तळघराचा आकडा आधीच मागे आहे म्हणाले. चौथ्या मजल्याच्या मेट्रनकडे रुग्णांच्या पाठीच्या जखमांच्या नोंदी होत्या, पण त्यांतली कुठली चादरीमुळे झाली, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. ताईनंही तसं ओढूनताणून सांगितलं नाही. तिनं प्रशासकांना तळघरात नेलं, घडीच्या टेबलाशी उभं केलं आणि काठाला हात लावायला सांगितलं. तीन महिन्यांची परवानगी मिळाली. आवरण सात आठवड्यांनी आलं. तोवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी तक्त्यावर खड्डा पडायचा, आणि त्याखाली ताई स्वतःच्या अक्षरात कारण लिहून सही करायची.

कप्तान पूर्वीसारखाच राहिला. त्या शनिवारनंतर महिनाभर तो तिला ताई न म्हणता मॅडम म्हणत होता. आवाज तोच, पण दार लोटून घेतल्यासारखा. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. दर मंगळवारी सकाळी तासभर ती घडीच्या टेबलाशी उभी राहून त्याच्याबरोबर काठ तपासू लागली. सुरुवातीला तिला चार दमट चादरींतली एखादीच हाताला लागायची, उरलेल्या तो काही न बोलता दोरीवर टाकायचा.

अभ्यासक्रम संपला तेव्हा सरांनी विचारलं की ही केस पुढच्या वर्गासाठी वापरू का, इतकी चांगली मला परत मिळणार नाही. ताई म्हणाली, ती माझी नाही. तिनं कप्तानाला विचारलं. त्यानं दोन दिवस घेतले.

"तुमची चूक तुमची आहे, ती तुम्ही कुठंही सांगा," तो म्हणाला. "मला पुन्हा कागदावर आणू नका."

सरांनी सगळ्या प्रती मागवून घेतल्या आणि फाडल्या. त्या वर्षापासून त्यांनी नियम केला, ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याला आधी विचारायचं आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत तिसऱ्या पानावर घालायचं. ऐकून अर्ध्या वर्गानं आपला प्रश्न बदलला, म्हणे. काहींचा प्रश्न विचारता विचारताच सुटला. काहींनी विचारायची हिंमत केली नाही आणि पुस्तकातला एक कारखाना उचलून आणला. त्यावर सरांचा इलाज नव्हता.

पुढच्या वर्षी त्यांनी ताईला एका शनिवारी बोलावलं. तिनं कागद नेला नाही. फोन कानाला होता, समोर माणूस काही सांगत होता आणि मी ऐकलं नाही, एवढंच तिनं सांगितलं, आणि त्यामुळे मजल्यावरच्या लोकांना काय सोसावं लागलं असेल, ते. कुणाचं नाव-गाव-वय त्यात आलं नाही. नव्या वर्गात एका पाळणाघराची व्यवस्थापक होती. तिनं हात वर करून विचारलं की आता तरी ट्रॉली वेळेवर जाते का.

"काठ अजून हातानं बघतो, म्हणून मंगळवारी-शुक्रवारी दहा मिनिटं उशीर होतो," ताई म्हणाली. "मी सकाळीच वर फोन करून तसं सांगून ठेवते."